डीएनएची लिपी वाचणारे चार रंग

मतदान करून बाहेर पडणाऱ्या नागरिकाच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर जी गडद रेघ उमटलेली असते, तिची शाई म्हैसूर शहरातील एका कारखान्यात तयार होते. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, १९३७ मध्ये, लाख व रंगांचा हा कारखाना सुरू झाला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लावली जाणारी शाई तो पुरवीत आला आहे. म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या नावाने ओळखला जाणारा हा कारखाना कर्नाटक शासनाचा उपक्रम आहे. शाईतील सिल्व्हर नायट्रेटचा त्वचेशी संयोग होतो, प्रकाशात ते काळवंडते आणि पाण्याने वा साबणाने निघून जात नाही. कोणी मत दिले आहे आणि कोणी दिलेले नाही, हे ओळखण्याचे काम एवढ्या एका खुणेवर सोपवलेले असते.

नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या गोष्टींना रंगाची खूण करून वेगळे ओळखायचे, हीच युक्ती जीवशास्त्रज्ञांनी रेणूंच्या पातळीवर वापरली. सजीवांच्या पेशींतील डीएनएमध्ये लिहिलेला मजकूर वाचण्यासाठी त्याच्या चार अक्षरांना चार वेगवेगळे चमकणारे रंग लावण्यात आले. मानवी जनुकसंचाचे वाचन, रेशीमकिड्याच्या जनुकांचा शोध, बासमती तांदळातील भेसळीची तपासणी, करोना विषाणूच्या बदलत्या रूपांवरील पाळत या सर्व कामांमागे हे रंग आहेत. तथापि ते तयार करणे बोटावर शाई लावण्याइतके सोपे नव्हते. रंगाने अक्षर दाखवायचे, पण त्या अक्षराचे वागणे बदलायचे नाही, ही अट पूर्ण करण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांना अनेक वर्षे खर्ची घालावी लागली.

अनुस्फुरण म्हणजे काय?

या रंगांचा गुणधर्म म्हणजे अनुस्फुरण, म्हणजेच फ्लुओरेसन्स. साधा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातील काही भाग शोषून उरलेला परत पाठवतो. अनुस्फुरक रंगद्रव्य मात्र एका रंगाचा प्रकाश शोषून घेते आणि काही अब्जांश सेकंदांतच दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकते. या व्यवहारात थोडी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक असते. निळा प्रकाश शोषणारे द्रव्य हिरवे चमकते, हिरवा शोषणारे नारिंगी वा तांबडे चमकते.

याचे उदाहरण आपल्या खिशातही सापडते. १९९६ पासून चलनात आलेल्या महात्मा गांधी मालिकेतील नोटांवरचे क्रमांक अनुस्फुरक शाईने छापलेले असतात आणि जंबुपार दिव्याखाली ते उजळून निघतात. बँकेतील रोखपाल नोट दिव्याखाली धरून पाहतो, ते यासाठीच. योगायोग असा, की रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा नोटा छापण्याचा एक छापखाना म्हैसूरलाच आहे.

डीएनएसाठी उपयोगी पडलेल्या रंगद्रव्यांपैकी फ्लुओरेसिन हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये प्रथम तयार केले. ऱ्होडामिन या नावाने ओळखला जाणारा दुसरा गटही एकोणिसाव्या शतकातीलच आहे. म्हणजे रंग जुनेच होते. ते डीएनएला कोठे, कसे आणि कोणत्या जोडीने लावायचे, हा प्रश्न नवा होता.

चार नळ्या, चार रांगा

डीएनएची लिपी अडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांची आहे. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ए, टी, जी व सी म्हटले जाते. ही अक्षरे कोणत्या क्रमाने आली आहेत हे शोधण्याची सोपी पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. या कामासाठी त्यांना १९८० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे ते दुसरे नोबेल होते.

सँगर यांच्या पद्धतीत ज्या डीएनएचे वाचन करायचे त्याच्या असंख्य नकला पॉलिमरेज या विकराकडून करवून घेतल्या जातात. नकलेसाठी लागणाऱ्या नेहमीच्या अक्षरांत थोडी 'अडवणारी' अक्षरे मिसळलेली असतात. असे अडवणारे अक्षर साखळीत जोडले गेले की पुढचे अक्षर जोडण्यास जागाच उरत नाही आणि साखळी तेथेच थांबते. अडवणारे अक्षर कोणत्या नकलेत कोठे बसेल हे योगायोगावर अवलंबून असल्याने शेवटी सर्व लांबीचे तुकडे तयार होतात. ते लांबीनुसार वेगळे केले आणि प्रत्येक तुकड्याचे शेवटचे अक्षर ओळखले, की मूळ मजकूर क्रमाने वाचता येतो.

शेवटचे अक्षर ओळखण्यासाठी सुरुवातीला एकच मार्ग होता. चार अक्षरांसाठी चार वेगळ्या नळ्यांत चार वेगळ्या अभिक्रिया करायच्या आणि त्या जेलच्या पातळ थरावर शेजारशेजारच्या चार रांगांत चालवायच्या. तुकडे दिसावेत म्हणून त्यांना किरणोत्सर्गी फॉस्फरसची वा गंधकाची खूण केलेली असे. त्या जेलवर क्ष-किरणांची फिल्म ठेवून उमटलेल्या काळ्या पट्ट्या संशोधक डोळ्यांनी वाचत आणि अक्षरे हाताने लिहून काढत. चार रांगांपैकी एखादी किंचित तिरपी गेली, की कोणती पट्टी आधीची आणि कोणती नंतरची याचा घोळ होई. किरणोत्सर्गी द्रव्य हाताळण्याचा धोका वेगळाच. मानवी जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. ती या रीतीने वाचून संपण्यासारखी नव्हती.

१९८६ : रंगांचा प्रवेश

अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लेरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेत लॉइड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. चार अभिक्रियांना चार निरनिराळी अनुस्फुरक रंगद्रव्ये लावली, तर चारही मिश्रणे एकाच रांगेतून चालवता येतील आणि तळाशी बसवलेला लेझर व प्रकाशसंवेदक पुढून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा रंग नोंदवीत राहील, अशी ही कल्पना होती. त्यांनी फ्लुओरेसिन, एनबीडी, टेट्रामेथिलऱ्होडामिन आणि टेक्सस रेड ही चार द्रव्ये निवडली. हे संशोधन १९८६ मध्ये 'नेचर' या पत्रिकेत प्रसिद्ध झाले आणि त्याच आधारावर अप्लाइड बायोसिस्टिम्स या कंपनीचे पहिले स्वयंचलित क्रमवाचक यंत्र बाजारात आले.

या पद्धतीत रंग साखळीच्या आरंभी, म्हणजे नकलेची सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्यावर लावलेला असे. त्यामुळे चार वेगळ्या नळ्या लागतच होत्या. ड्यू पाँ कंपनीच्या संशोधकांनी १९८७ मध्ये पुढचे पाऊल टाकले. त्यांनी रंग अडवणाऱ्या अक्षरांनाच जोडला. जी साखळी थांबवणारे अक्षर एका रंगाचे, सी दुसऱ्या रंगाचे, अशी व्यवस्था झाल्यावर सगळे काम एकाच नळीत होऊ लागले. विकर मध्येच दमून थांबल्यामुळे जे अर्धवट तुकडे तयार होत, त्यांना रंगच नसल्याने ते यंत्राला दिसेनासे झाले आणि वाचनातील एक मोठा गोंधळ आपोआप दूर झाला.

रंगाला घातलेल्या अटी

यानंतर खरी परीक्षा सुरू झाली. चांगल्या रंगखुणेने एकाच वेळी अनेक अटी पाळाव्या लागतात आणि एक अट पूर्ण करताना दुसरी मोडते.

पहिली अट म्हणजे चार रंग एकमेकांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत. अनुस्फुरक द्रव्य एकाच तरंगलांबीचा प्रकाश टाकत नाही; त्याचा प्रकाश एका पट्ट्यात पसरलेला असतो. चार पट्टे दृश्य प्रकाशाच्या अरुंद मर्यादेत बसवायचे म्हटल्यावर ते एकमेकांवर चढतात. हिरव्याचा थोडा अंश पिवळ्याच्या खिडकीत शिरतो. म्हणून प्रत्येक यंत्रात कोणत्या रंगाचा किती अंश कोणत्या खिडकीत झिरपतो याचे कोष्टक साठवलेले असते आणि संगणक ती सरमिसळ गणिताने वजा करतो. रंग जितके अधिक वेगळे, तितकी ही वजाबाकी विश्वासार्ह ठरते.

दुसरी अट वजनाची आहे. फ्लुओरेसिनच्या रेणूचे वजन डीएनएच्या एका अक्षराच्या वजनाएवढेच भरते. जेलमध्ये मात्र एका अक्षराने कमीअधिक असलेले तुकडेच वेगळे करायचे असतात. एखाद्या रंगाने आपला तुकडा किंचित मागे ओढला आणि दुसऱ्याने किंचित पुढे रेटला, तर तुकड्यांची रांगच चुकते. रंगाच्या आकाराबरोबर त्यावरील विद्युतभारही महत्त्वाचा असतो, कारण तुकडे विद्युतक्षेत्राच्या ओढीने धावत असतात. त्यामुळे आकार व भार जवळपास सारखे असलेले, पण चमक वेगळी असलेले रंग हवे होते. जो फरक उरतो त्याची दुरुस्ती संगणकाच्या आज्ञावलीत करावी लागते.

तिसरी अट विकराच्या मर्जीची आहे. पॉलिमरेज हे विकर अक्षर नीट जुळते की नाही, हे त्याच्या आकारावरून पारखते. अक्षराला एक अवजड शेपूट लावून दिले, तर ते स्वीकारण्यास विकर तयार होत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी यासाठी अक्षराची अशी बाजू निवडली, जी समोरच्या साखळीशी जुळणी करताना वापरली जात नाही. सी व टी यांच्या कड्याच्या पाचव्या जागी आणि ए व जी यांच्या सातव्या जागी एक लवचीक दुवा जोडण्यात आला आणि त्याच्या टोकाला रंग बसवण्यात आला. सातव्या जागी मुळात नायट्रोजन असतो; तेथे जोडणी टिकावी म्हणून त्याच्या जागी कार्बन बसवावा लागला.

तरीही विकर चारही रंगीत अक्षरांना सारखी वागणूक देत नव्हते. ए नंतर येणारे जी हे अक्षर जुन्या रसायनांत इतके फिके उमटे, की ते हुकण्याची भीती असे. ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नव्हती. माणसाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन प्रतींत एका जागी वेगवेगळी अक्षरे असतील, तर त्या जागी दोन रंगांची निम्म्या उंचीची दोन शिखरे दिसायला हवीत. एखाद्या आजाराचा दोष एकाच प्रतीत असलेली व्यक्ती स्वतः निरोगी दिसते, पण तो दोष अपत्याकडे जाऊ शकतो. शिखरे मुळातच उंचसखल असतील, तर असे दुसरे शिखर पार्श्वभूमीत बुडून जाते आणि अहवालात 'दोष नाही' असे लिहिले जाते.

या अडचणीचा एक उपाय रंगाकडून आला नाही, विकराकडून आला. स्टॅन्ली टेबर व चार्ल्स रिचर्डसन यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की टॅक पॉलिमरेजच्या प्रथिनातील एकच घटक, फेनिलअॅलनिनच्या जागी टायरोसिन, असा बदलला तर ते विकर अडवणारी अक्षरे नेहमीच्या अक्षरांइतक्याच सहजतेने स्वीकारते. त्यामुळे शिखरांची उंची बरीच एकसारखी झाली आणि रंगीत अक्षरांची गरजही घटली.

एका लेझरची अडचण

चौथी अट उजेडाची होती. त्या काळातील यंत्रांत आर्गॉन लेझर वापरला जाई आणि त्याचा मुख्य प्रकाश ४८८ नॅनोमीटरचा, म्हणजे निळा असे. फ्लुओरेसिन हा प्रकाश उत्तम रीतीने शोषते. परंतु तांबडे चमकणारे ऱ्होडामिन निळा प्रकाश फारसा शोषतच नाही. त्यामुळे ते मंद दिसे. चार रंग दूरदूर ठेवावेत तर शेवटचे रंग अंधुक होतात, आणि सगळे तेजस्वी हवेत तर ते एकमेकांच्या जवळ येतात, असा हा पेच होता.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जिंग्यू जू, रिचर्ड मॅथीज, अलेक्झांडर ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यातून वाट काढली. त्यांनी एका खुणेत दोन रंगद्रव्ये एकत्र बसवली. पहिले द्रव्य दाता. ते निळा प्रकाश शोषून घेते, पण स्वतः चमकण्याऐवजी ती ऊर्जा अगदी जवळ बसवलेल्या दुसऱ्या द्रव्याकडे सोपवते. हे दुसरे द्रव्य ग्राहक, आणि ते आपल्या रंगात चमकते. चारही खुणांत दाता एकच ठेवला आणि ग्राहक चार ठेवले, तर एकाच लेझरने चारही रंग सारख्याच जोमाने उजळतात. ऊर्जेची ही देवाणघेवाण अंतरावर फार अवलंबून असते. अंतर दुप्पट झाले की तिचा वेग चौसष्ट पटींनी घटतो. त्यामुळे दाता व ग्राहक यांच्यामधील दुवा किती लांब असावा, ही बारीक मापाची गोष्ट ठरली.

अप्लाइड बायोसिस्टिम्सने १९९७ मध्ये याच तत्त्वावरील 'बिगडाय' नावाची रंगमालिका आणली. तिच्यात दाता म्हणून फ्लुओरेसिन आणि ग्राहक म्हणून क्लोरीनयुक्त ऱ्होडामिनची चार रूपे होती. क्लोरीनमुळे प्रकाशाचे पट्टे अरुंद झाले आणि एकमेकांवर कमी चढू लागले. जेलऐवजी केसासारख्या बारीक नळ्या वापरणारी, एकाच वेळी ९६ नमुने वाचणारी यंत्रेही याच सुमारास आली. १९९० मध्ये सुरू झालेला मानवी जनुकसंच प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला, त्यात या दोहोंचा वाटा मोठा आहे.

संगणकाच्या पडद्यावर ए हिरवा, सी निळा, टी तांबडा आणि जी काळा दाखवण्याचा प्रघात आहे. ते द्रव्यांचे खरे रंग नव्हेत. वाचकाच्या सोयीसाठी ठरवलेले संकेत आहेत.

हवा तेव्हा निघणारा रंग

मतदाराच्या बोटावरची शाई निघू नये यासाठी म्हैसूरचा कारखाना प्रसिद्ध आहे. डीएनए वाचण्याच्या पुढच्या पिढीतील पद्धतीला नेमके उलटे हवे होते. रंग आज्ञेसरशी निघून गेला पाहिजे, अशी तिची मागणी होती.

ही पद्धत केंब्रिज विद्यापीठातील शंकर बालसुब्रमण्यन व डेव्हिड क्लेनरमन यांच्या विचारविनिमयातून १९९७ च्या सुमारास जन्मली. बालसुब्रमण्यन यांचा जन्म १९६६ मध्ये चेन्नईचा, त्या वेळच्या मद्रासचा. बालपणीच ते आईवडिलांसमवेत इंग्लंडला गेले. या दोघांनी १९९८ मध्ये सोलेक्सा ही कंपनी स्थापन केली. त्यांच्या पद्धतीत डीएनएचे कोट्यवधी तुकडे काचेच्या पट्टीवर चिकटवले जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या नकलांचा एक सूक्ष्म पुंजका तयार केला जातो. त्यानंतर रंगीत अक्षरे सोडली जातात. प्रत्येक अक्षराला दोन गोष्टी जोडलेल्या असतात : एक रंग आणि पुढची जोडणी रोखणारी एक कडी. त्यामुळे प्रत्येक पुंजक्यात एका फेरीत एकच अक्षर बसते. कॅमेरा सर्व पुंजक्यांचे छायाचित्र घेतो. मग एक रसायन सोडून रंग आणि कडी दोन्ही तोडली जातात, आणि पुढच्या अक्षराची फेरी सुरू होते.

रोखणारी कडी म्हणून अझिडोमिथिल हा छोटा गट निवडण्यात आला. तो विकराला खुपत नाही आणि फॉस्फीन वर्गातील रसायनाने पाण्यातच, डीएनएला इजा न करता, तोडता येतो. काही पुंजक्यांत कडी वेळेवर तुटली नाही वा मुळातच गळून पडलेली असली, तर त्यातील काही नकला एका अक्षराने मागे वा पुढे राहतात. प्रत्येक फेरीत असे थोडे थोडे साचत गेले की पुंजक्याचा रंग गढूळ होतो. त्याचमुळे या पद्धतीत एका तुकड्याची फक्त काही शे अक्षरेच खात्रीने वाचता येतात. तोडलेल्या दुव्याचा छोटासा अवशेषही अक्षरावर राहतो. तो शक्य तितका लहान ठेवणे हा रंगरचनेचाच भाग आहे.

सोलेक्साने २००५ मध्ये या पद्धतीने 'फाय एक्स १७४' या ५,३८६ अक्षरांच्या विषाणूचे वाचन केले. सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये हाच विषाणू वाचला होता. २००७ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या इल्युमिना कंपनीने विकत घेतली. भारतीय व्यक्तीच्या संपूर्ण जनुकसंचाचे देशातच झालेले पहिले वाचन दिल्लीच्या जिनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने डिसेंबर २००९ मध्ये जाहीर केले. त्यानंतर दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली.

चौथा रंग : काळोख

छायाचित्रे कमी घेतली तर काम लवकर व स्वस्तात होते. म्हणून २०१४ मध्ये आलेल्या एका यंत्रमालिकेत चार अक्षरांसाठी दोनच रंग ठेवण्यात आले. सी तांबडा, टी हिरवा, ए ला दोन्ही आणि जी ला एकही नाही. म्हणजे त्या जागी अंधार दिसला की जी असे वाचायचे.

ही बचत एका धोक्यासह येते. एखाद्या पुंजक्याची चमक काही कारणाने संपली, तरी यंत्राला तेथे अंधारच दिसतो आणि ते जी, जी, जी असे लिहीत सुटते. असे खोटे जी ओळखून कापून टाकणाऱ्या आज्ञावल्या त्यामुळे अनिवार्य झाल्या.

एका अक्षराचे मोल किती असू शकते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये अनुभवले. त्या वर्षी २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रातील करोना नमुन्यांत दोन विशिष्ट बदल असलेल्या विषाणूचे प्रमाण वाढले आहे. त्यांपैकी एल४५२आर हा बदल विषाणूच्या काट्याच्या प्रथिनात ल्युसिनऐवजी अर्जिनिन आणतो. वाचनासाठी विषाणूच्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल केली, की हा बदल तीन अक्षरांच्या एका शब्दात दिसतो : सीटीजीच्या जागी सीजीजी. सुमारे तीस हजार अक्षरांत एका टीचा जी झालेला. हाच बदल पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ज्याला डेल्टा नाव दिले त्या प्रकारातही होता. दुरंगी पद्धतीत हा फरक म्हणजे हिरव्या ठिपक्याऐवजी अंधार. तो अंधार खरा जी आहे की विझलेली चमक, हे ठरवण्यासाठी एकाच जागेचे शेकडो वेळा स्वतंत्र वाचन केले जाते. एका ठिपक्यावर विसंबून निर्णय घेतला जात नाही.

म्हैसूरच्या रेशमाचा धागा

म्हैसूर परिसराला या रंगांची गरज वेगळ्या कारणाने भासली. टिपू सुलतानाच्या काळापासून या भागात रेशीम उद्योग रुजला. शहरातील रेशीम विणकामाचा कारखाना १९१२ पासूनचा, तर केंद्रीय रेशीम मंडळाची संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६१ पासूनची आहे. येथील देशी 'प्युअर म्हैसूर' जात उष्णता व रोग सोसते, पण तिच्या कोषातून धागा कमी मिळतो. समशीतोष्ण हवामानातील जाती भरपूर धागा देतात, पण उन्हाळ्यात टिकत नाहीत. म्हैसूरच्या संस्थेने सीएसआर २ व सीएसआर ४ यांसारख्या अधिक धागा देणाऱ्या जाती विकसित केल्या. तथापि सोशिकपणा आणि धागा हे दोन्ही गुण एकाच किड्यात आणण्याचा प्रश्न संशोधकांसमोर कायम राहिला.

त्यासाठी कोणत्या पिल्लात कोणता गुण उतरला, हे डीएनएवरून ओळखता आले तर पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतीक्षा वाचते. जपान व चीनमधील गटांनी २००४ मध्ये रेशीमकिड्याच्या जनुकसंचाचे स्वतंत्र मसुदे प्रसिद्ध केले. २००८ मध्ये दोन्ही एकत्र करून सुमारे ४३ कोटी अक्षरांचा, २८ गुणसूत्रजोड्यांचा सुधारित मजकूर सिद्ध झाला. हे सगळे वाचन सँगर पद्धतीने, रंगीत अक्षरांच्या साहाय्याने झाले.

भारतात या कामाची धुरा प्रामुख्याने जे. नागराजू यांनी वाहिली. केंद्रीय रेशीम मंडळाच्या सेरीबायोटेक प्रयोगशाळेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता आणि पुढे हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रात त्यांनी रेशीमकिड्याच्या जातींच्या ओळखखुणा शोधल्या. डीएनएत काही ठिकाणी दोनतीन अक्षरे पुन्हा पुन्हा आलेली असतात आणि त्यांची संख्या जातीनुसार बदलते. अशा जागांना रंगीत खूण लावून त्यांची लांबी मोजली की जात ओळखता येते.

हीच युक्ती नागराजू यांच्या गटाने बासमतीला लावली. बासमतीत स्वस्त तांदूळ मिसळला आहे का, हे दाण्यावरून कळत नाही. पीठ करून डीएनए काढल्यावर कळते. त्यांच्या चाचणीत अशा आठ जागा एकाच नळीत तपासल्या जातात. ज्या दोन जागांच्या तुकड्यांची लांबी सारखी येण्याचा संभव असतो, त्यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात. म्हणजे ते एकाच वेळी संवेदकासमोर आले तरी गोंधळ होत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीने एक टक्क्यापासूनची भेसळ ओळखता येते. रंगाचे शिखर किती उंच, यावरून भेसळीचे प्रमाण ठरते. अर्थात, रंगांची चमक सम प्रमाणात नसेल, तर प्रामाणिक व्यापाऱ्यावर ठपका येऊ शकतो वा भेसळ करणारा सुटू शकतो. नागराजू यांचे २०१२ च्या अखेरीस निधन झाले.

या संशोधनाचा अखेरचा लाभार्थी तुतीची बाग लावणारा शेतकरी आहे. जालना, बीड परिसरातील शेतकरी पूर्वी कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जात. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली. अंडीपुंज आणल्यापासून कोष हाती येईपर्यंत त्याला जेमतेम महिनाभराचा अवधी असतो. अंडीपुंज ज्या जातीचे म्हणून दिले ती जात निघाली नाही, किंवा एखाद्या रोगाचा सुगावा उशिरा लागला, तर त्या महिन्याची तुती, मजुरी आणि मेहनत वाया जाते. जातीची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चार शिखरांचे रंग एकमेकांत मिसळले नाहीत, याची काळजी घेणारा रसायनशास्त्रज्ञ त्या शेतकऱ्याला कधी भेटत नाही. परंतु अंडीपुंज ज्या जातीचे म्हणून त्याच्या हाती पडतात ते त्याच जातीचे निघतील, याची खात्री मोठ्या प्रमाणात त्याच्या कामावर अवलंबून असते.